कात्री लावण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीने मला बैठकीला बोलावले होते. वाचनालयाला स्वतःचे संकेतस्थळ करायचे होते. सभासदांना घरबसल्या पुस्तकांची यादी पाहता यावी, वर्गणी भरता यावी आणि वरच्या मजल्यावरचे सभागृह आरक्षित करता यावे, एवढीच अपेक्षा. देणग्यांतून दोन लाख रुपये जमले होते. पण कामाला हात घालण्याआधीच मंडळींत दोन तट पडले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ अभियंते म्हणत होते, "आधी संपूर्ण आराखडा कागदावर उतरला पाहिजे. त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत. मगच पुढचे." समोर बसलेला पंचविशीचा तरुण म्हणत होता, "काका, हे काही धरण नाही. मी पंधरा दिवसांत चालते संकेतस्थळ दाखवतो. नाही आवडले तर बदलू. कागदावर तीन महिने घालवून काय हाती लागणार?"

"तुम्ही या धंद्यात उभा जन्म घालवलात, आता तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून अध्यक्षांनी चेंडू माझ्याकडे टोलवला. मी म्हणालो, दोघांचेही थोडे बरोबर आहे. या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही आणि चहा आल्यामुळे विषय तिथेच राहिला. हा लेख म्हणजे त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर.

प्रश्न एका वाचनालयापुरता असता, तर त्यासाठी रविवारची इतकी जागा अडवण्याचे कारण नव्हते. पण सातबाऱ्याचा उतारा, महाविद्यालयाचा प्रवेश, रेल्वेचे तिकीट, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्राप्तिकराचे विवरणपत्र हे सगळे आज संकेतस्थळाच्या दारातूनच आत जाते. दार कसे बांधायचे हा मूठभर तंत्रज्ञांचा खासगी वाद आता राहिलेला नाही. दार अडकले की बाहेर उभा राहतो तो सामान्य माणूस.

कागदाचे राज्य आणि बंड

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या कामाला अभियांत्रिकीची शिस्त लावली पाहिजे, हा विचार जोरकसपणे पुढे आला तो १९६८ साली, जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'च्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत. मोठमोठी कामे वेळेत होत नव्हती, खर्च आवाक्याबाहेर जात होता आणि झालेले काम भरवशाचे नव्हते. पूल बांधणारे आधी नकाशा काढतात, मग आपण का नाही, हा प्रश्न त्या काळात रास्तच होता.

पुढे १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात कामाच्या पायऱ्यांचे चित्र काढले. आधी गरजा लिहा, मग विश्लेषण, मग आराखडा, मग आज्ञावली, मग चाचणी. पाणी जसे वरच्या टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर पडते तसे काम खाली उतरत जाईल. या पद्धतीला पुढे 'धबधबा' हेच नाव पडले. मौज अशी की, हे चित्र जसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे, हे रॉइस यांनी त्याच निबंधात सांगितले होते. नवे काम असेल तर ते आधी छोट्या प्रमाणावर एकदा करून पाहावे आणि मगच खरे करावे, असा त्यांचा सल्ला होता. लोकांनी चित्र उचलले आणि सल्ला तिथेच ठेवला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने याच धाटणीचे मानक लागू केले आणि कागदाचे राज्य सुरू झाले.

१९९७ साली 'यूएमएल' नावाची आकृत्यांची भाषा प्रमाण म्हणून मान्य झाली. ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ आणि इव्हार जेकबसन हे तिचे तीन कर्ते. कोण काय करतो, माहिती कुठून कुठे जाते, एखादी वस्तू कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाते, हे सगळे चौकोन, वर्तुळे आणि बाणांनी दाखवायची ही भाषा. माझ्या पिढीने ती पाढ्यांसारखी पाठ केली.

मग बंड झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा काढला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालते सॉफ्टवेअर मोलाचे, ठरल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे, असे त्यांचे म्हणणे. कागदपत्रांना आणि योजनेलाही मोल आहे, हे त्यांनी त्याच दमात लिहून ठेवले होते. पण इथेही लोकांनी सोयीचे तेवढे वाचले. रॉइस यांचा इशारा जसा गळाला, तशीच या जाहीरनाम्याची शेवटची ओळ गळाली. वाचनालयाच्या बैठकीत समोरासमोर बसलेले काका आणि तो तरुण हे या दोन अर्धवट वाचनांचेच वारस होते.

"साहेब, यात पेन्सिल कुठे आहे?"

मी दोन्ही पंथांत राहिलो आहे आणि दोन्हीकडे तोंडघशी पडलो आहे. ते सांगितल्याशिवाय मला निवाडा करण्याचा अधिकार नाही.

२००२ साली आम्ही एका शिक्षणसंस्थेसाठी प्रवेशाची ऑनलाइन व्यवस्था करत होतो. आराखडा आम्ही अगदी शास्त्रशुद्ध केला. आठ महिने खपून तीनशे बारा पानांचा दस्तऐवज तयार झाला. आकृत्या इतक्या देखण्या की, आमच्या कचेरीत नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवल्या जात. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी प्रत्येक पानावर सही केली. त्यांपैकी एकानेही तो पुरता वाचला नव्हता, हे त्यांना माहीत होते आणि आम्हालाही. सही महत्त्वाची होती. उद्या भांडण झाले तर ती दाखवता येणार होती.

व्यवस्था उभी राहिल्यावर प्रवेशाच्या खिडकीवर वीस वर्षे बसलेल्या हेडक्लार्कना आम्ही ती दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पडदा नीट पाहिला आणि विचारले, "साहेब, यात पेन्सिल कुठे आहे?" मला काही उलगडेना. त्यांनी टेबलावरचे रजिस्टर उघडले. काही नावे शाईने लिहिलेली, काही पेन्सिलने. ज्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यायचा आहे, ज्याच्या वडिलांनी फीसाठी आठ दिवसांची मुदत मागितली आहे, त्याचे नाव ते पेन्सिलने लिहीत. जागा धरून ठेवलेली, पण पक्की नाही. आठ दिवसांनी शाई, नाहीतर खोडरबर. शेकडो गरीब घरांतली मुले त्या पेन्सिलीच्या आधारावर महाविद्यालयात शिरली होती.

आमच्या तीनशे बारा पानांत पेन्सिल नव्हती. अर्ज एकतर 'स्वीकृत' होता किंवा 'नामंजूर'. आठ महिन्यांत आम्ही पदाधिकाऱ्यांशी अनेक बैठका केल्या होत्या. खिडकीवर मात्र एक दिवसही बसलो नव्हतो. त्या वर्षी प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली, त्यामुळे ती तशीच चालवली गेली. किती मुलांचे प्रवेश त्यामुळे हुकले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मी तरी ठेवायला हवा होता.

त्या दिवसापासून जाड आराखड्यांवरचा माझा विश्वास उडाला. आराखड्याची पद्धत चुकीची नव्हती. ती आम्ही विचार करण्यासाठी वापरलीच नाही. स्वतःच्या बचावासाठी वापरली.

एक खुर्ची, दोन धनी

दुधाने तोंड पोळल्यावर मी ताकही फुंकून पिऊ लागलो, आणि काही वर्षांनी ताक म्हणून चक्क उकळते पाणी प्यायलो. एका लहान कंपनीत आम्ही नाटकांची तिकिटे विकणारे संकेतस्थळ करत होतो. कागद नाही, आकृत्या नाहीत. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या आणि दर दोन आठवड्यांनी नवी आवृत्ती. काम झपाट्याने होई, गिऱ्हाईक खूश. तीन महिने सगळे सुरळीत चालले.

एका रविवारी गाजलेल्या नाटकाचा प्रयोग होता. नाट्यगृहाच्या दारात गलका झाला. एकाच खुर्चीची तिकिटे दोन-दोन जणांकडे होती. असे अकरा खुर्च्यांबाबत झाले होते. दोघांचेही पैसे कापलेले. मला धावत बोलावून घेतले. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस म्हणून तळेगावहून आलेले एक जोडपे होते. आजोबांनी आवाजही चढवला नाही. "असू दे हो, पुन्हा कधी येऊ," असे म्हणून ते जिना उतरले. पैसे आम्ही परत केले. पण तो जिना अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

चूक कुठे होती? खुर्ची निवडली की आम्ही ती दहा मिनिटे राखून ठेवत असू. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ती पुन्हा विक्रीला. पण त्या दिवशी गर्दीमुळे बँकेचा होकार कधी अकराव्या, कधी बाराव्या मिनिटाला येत होता. तोवर खुर्ची दुसऱ्याने घेतलेली. दोन्ही होकार आम्ही निमूटपणे स्वीकारले आणि दोन तिकिटे छापली. मुदत संपल्यावर पैसे आले तर काय करायचे, हा प्रश्नच कोणी कोणाला विचारला नव्हता.

रात्री घरी येऊन मी एका पाठकोऱ्या कागदावर चार चौकोन काढले. 'रिकामी', 'राखलेली', 'पैशाच्या वाटेवर', 'विकलेली'. मग प्रत्येक चौकोनातून बाहेर जाणारे बाण. 'राखलेली'मधून मुदत संपल्याचा बाण 'रिकामी'कडे गेला. पैसे आल्याचा बाण कुठून निघतो हे पाहू लागलो, आणि तो 'रिकामी'तूनही निघू शकतो हे लख्ख दिसले. वीस मिनिटे लागली. ज्या 'यूएमएल'ला मी आठ वर्षांपूर्वी रामराम ठोकला होता, त्यातलीच ही अवस्थांची आकृती. ती वेळेवर काढली असती तर ते जोडपे नाटक पाहून घरी गेले असते.

मोठ्यांच्या चुका

माझ्या चुका लहान गावच्या. पण तऱ्हा तीच असलेल्या मोठ्या चुकाही आपण पाहिल्या आहेत.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख, निकाल ४७७ परीक्षांचे. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठ्यांची ने-आण वाचली असती, बेरजेच्या चुका टळल्या असत्या. पण परीक्षांचा हंगाम सुरू झाला तरी कंत्राटाचे काम चालू होते. उत्तरपत्रिकेची प्रतिमा घेणे, ती योग्य विषयाच्या शिक्षकापर्यंत पोचणे, शिक्षकाला पडद्यावर तपासण्याची सवय होणे, गुण परत जुळवणे, ही सगळी साखळी छोट्या प्रमाणावर पुरेशी चालवून पाहण्याला उसंतच राहिली नाही. निकाल ४५ दिवसांत लावण्याचे बंधन. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. सप्टेंबर उजाडला तरी सगळे निकाल लागलेले नव्हते. परदेशी वा परराज्यात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांची परवड झाली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. तिथे कात्री आधी चालली आणि माप नंतर घेतले गेले.

याउलट अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचे 'हेल्थकेअर डॉट गव्ह' सुरू झाले तेव्हा कागद, करार आणि कंत्राटदार यांची वाण नव्हती. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती फक्त सहा जणांची. विम्याच्या योजना नुसत्या पाहायच्या असल्या तरी आधी खाते उघडा, असा निर्णय अगदी उशिरा झाला आणि सगळी गर्दी त्याच अरुंद दारात कोंडली. सगळे भाग जोडून आरंभापासून शेवटपर्यंतची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांवर आली होती. पुढे एका छोट्या, अनुभवी पथकाने दोन महिन्यांत घडी बसवली. एकीकडे माप नव्हते, दुसरीकडे मापांची बाडे होती. पण अंगावर चढवून कोणी पाहिले नाही.

शिंप्याचे शहाणपण

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक शिंपी होते. त्यांची रीत मला आता समजते. कापड कापण्याआधी ते मापे वहीत लिहीत, खडूने रेघा मारत, पुन्हा पडताळून पाहत आणि मगच कात्री हातात घेत. कापलेले कापड पुन्हा सांधता येत नाही. पण एकदा तुकडे झाले की, ते पक्की शिलाई लगेच मारत नसत. धावदोरा घालून सदरा अंगावर चढवायला सांगत. खांद्यात ओढतो का, बाही लांब झाली का, हे वहीत कळत नाही, अंगावर कळते. धावदोरा उसवायला किती वेळ लागतो? आणि शिवताना आत 'माया' ठेवायला ते विसरत नसत, कारण मूल वाढणार हे त्यांना ठाऊक होते.

संकेतस्थळाचा आराखडा करावा की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. जिथे कात्री आहे तिथे आधी लिहा, आकृती काढा, पडताळा. जिथे धावदोरा आहे तिथे कागदात वेळ न घालवता करून दाखवा. कोणते काम कात्रीचे आणि कोणते धावदोऱ्याचे, हे ओळखणे म्हणजेच नियोजन.

धावदोऱ्याची कामे पुष्कळ आहेत. पानाची रचना, रंग, बटणांवरचे शब्द, आधी काय विचारायचे आणि मागून काय. यांवर पन्नास पाने लिहिणे हा शुद्ध अपव्यय. चार खऱ्या माणसांना कच्चे पान वापरायला द्या आणि गप्प बसून पाहा.

कात्रीची कामे थोडी, पण जीवघेणी. पैसे केव्हा आले असे मानायचे. एकाच क्षणी दोघांनी एकच वस्तू मागितली तर कोणाची. कोणाची माहिती कोणाला दिसणार. आणि मुख्य म्हणजे, माहिती साठवायची कशी. साधे नाव घ्या. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव एकाच चौकटीत भरून घेतले, आणि काहींनी आडनाव आधी लिहिले, काहींनी शेवटी. दहा हजार नावे जमल्यावर आडनावाप्रमाणे यादी हवी असे कोणी म्हणाले तर? 'बदलू की नंतर' म्हणणारे इथे फसतात. आज्ञावली बदलता येते; पण साचलेली माहिती आणि लोकांच्या खिशातून गेलेला पैसा तिच्याबरोबर बदलत नाही.

याहून पुढचे टोकही आहे. अॅमेझॉन कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ पासून आपल्या माहिती साठवणाऱ्या सेवांसाठी 'टीएलए प्लस' ही गणिती भाषा वापरायला घेतली. तिचे कर्ते लेस्ली लॅम्पोर्ट यांना २०१३ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. या भाषेत आराखडा लिहिला की, घडू शकणाऱ्या घटनांचे नाना क्रम यंत्रच तपासून पाहते. 'डायनमोडीबी' या सेवेतला एक दोष असा निघाला की, तो दिसायला ३५ पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडाव्या लागत. माणसाच्या नजरेला तो कधी सापडला नसता. जगभरच्या माहितीचे ओझे वाहणाऱ्याने एवढे करावे. वाचनालयाने करू नये. पण दोघांनीही स्वतःला विचारायचा प्रश्न एकच : इथे चूक झाली तर ती उसवता येईल का?

हल्ली या वादात तिसराच पाहुणा आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगाल ती आज्ञावली काही मिनिटांत लिहून देतात. मग आराखडा हवाच कशाला, असे त्या तरुणासारखे अनेकजण विचारतात. मला उलटे वाटते. शिवण्याचे यंत्र वेगवान झाले म्हणून कापड चुकीचे कापण्याची मुभा मिळत नाही. उलट चुकीचे कापड जास्त वेगाने कापले जाते. यंत्र तुम्ही विचारलेल्याचे उत्तर देते. मुदत संपल्यावर पैसे आले तर काय, हे विचारायचे भान माणसालाच ठेवावे लागते. आणि पेन्सिलीची गोष्ट तर खिडकीवर जाऊन बसल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

वाचनालयाचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. दुसऱ्या बैठकीला मी काकांना आणि त्या तरुणाला शेजारी बसवले आणि आधी ग्रंथपाल बाईंना बोलावले. त्या तासभर बोलल्या, आम्ही तिघांनी ऐकून घेतले. सभागृहाचे आरक्षण अनामत आल्याशिवाय पक्के होत नाही, पण शोकसभेसाठी त्या ते तोंडी देतात, हे कार्यकारिणीतही कोणाला माहीत नव्हते. सगळे मिळून चार पाने झाली. सभासदाची माहिती कशी ठेवायची, वर्गणीचे पैसे, सभागृहाच्या अवस्था आणि कोणाला काय दिसेल. चौकोन काकांनी काढले, बाण त्या मुलाने. बाकी सगळे त्याने पंधरा दिवसांत करून दाखवले आणि सभासदांनी वापरून पाहिल्यावर निम्मे बदललेही.

सभागृहाच्या पानावर 'तोंडी राखलेले' अशी एक फिकट करड्या रंगाची चौकट आहे. ती कशाला, असे एका नव्या सभासदाने परवा विचारले. ग्रंथपाल बाईंनी त्याला नीट समजावून सांगितले.